जिन्याखालच्या खोलीतली शाळा

एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. सही 'एक जुन्या बाई' अशी. पत्र थोडक्यात असं:

"मी ज्या शाळेत शिकले आणि नंतर तीस वर्षं शिकवलं, तिला पुढच्या वर्षी सव्वाशे वर्षं पूर्ण होतात. संस्थेने स्मरणिकेचं काम माझ्याकडे दिलं आणि जिन्याखालच्या खोलीची किल्ली हातात ठेवली. आत चार कपाटं, दोन ट्रंका आणि जमिनीवर गठ्ठे. जनरल रजिस्टरं, हजेरीपट, इतिवृत्ताच्या वह्या, फोटो, कॅसेट, एक शिक्षा-नोंदवहीसुद्धा. खोलीत ओल आहे. समितीचं म्हणणं, महत्त्वाचं तेवढं स्कॅन करा, जुनी प्रशस्तिपत्रकं लॅमिनेट करा आणि बाकीचं रद्दीत द्या, खोली मोकळी हवी आहे. शिक्षा-नोंदवहीत ज्यांचं नाव आहे असे एक गृहस्थ आज समितीत आहेत. ते म्हणतात, ते पान फाडून टाका. मदतीला दोन माजी विद्यार्थी आहेत आणि हाताशी फक्त शनिवार. सुरुवात कुठून करू? आणखी एक. हे सगळं आजवर टिकलं ते आमच्या जुन्या शिपाईमामांमुळे. छत गळायचं तेव्हा ते खालचे गठ्ठे उचलून वर ठेवायचे. आता ते फार थकले आहेत."

बाई, सप्रेम नमस्कार.

पहिली विनंती हीच, की येत्या शनिवारी त्या खोलीत काहीही आवरू नका. गठ्ठे सोडू नका, आणि फोटो एकीकडे, वह्या एकीकडे असं तर मुळीच करू नका. किल्ली मिळाली की हात शिवशिवतात, हे मी जाणतो. पण त्या पसाऱ्यालाही एक अर्थ आहे, आणि तो एकदा मोडला की पुन्हा लावता येत नाही.

खरं तर तुमच्याकडे दोन कामं आली आहेत आणि समितीने ती एकच समजून दिली आहेत. स्मरणिका काढायची म्हणजे निवडायचं. सव्वाशे वर्षांतून शंभर-दीडशे पानं, गौरवाची, वाचताना ऊर भरून येईल अशी. जुनं दप्तर, म्हणजे शाळेचे हे सगळे कागद, सांभाळायचं म्हणजे पुढे कोण काय विचारील याची कल्पना नसताना राखून ठेवायचं. ही कामं एकमेकांच्या आड येत नाहीत, पण क्रम चुकला तर पहिलं दुसऱ्याला खाऊन टाकतं. स्मरणिकेसाठी कपाटं उपसली जातात, छापण्याजोगं तेवढं बाहेर निघतं, ते छापखान्यात जातं आणि तिथून परत येत नाही. उरलेलं रद्दीवाल्याकडे. मी असं होताना पाहिलं आहे. एका शाळेच्या पहिल्या तुकडीचा फोटो आज फक्त तिच्या सुवर्णमहोत्सवी अंकात उरला आहे, बोटभर उंचीचा, ठिपक्याठिपक्यांचा. चेहरे ओळखू येत नाहीत. मूळ फोटो कोणी, कोणाला दिला हे सांगणारं कोणी नाही.

म्हणून आधी दप्तर, मग स्मरणिका. समितीला तसं स्पष्ट सांगा. वर्ष हातात आहे, दोन्ही होतील.

आता पसाऱ्याच्या अर्थाबद्दल. जुने कागद सांभाळणारे लोक दोन गोष्टी कसोशीने पाळतात: कागद कोणाकडून आले ते विसरायचं नाही, आणि ते ज्या क्रमाने ठेवलेले होते तो क्रम मोडायचा नाही. फ्रान्समध्ये १८४१ साली नाताली द वाई यांच्या पुढाकाराने निघालेल्या सूचनेत पहिली गोष्ट सरकारी नियम म्हणून आली. १८९८ मध्ये म्यूलर, फेइथ आणि फ्राउन या तीन डच अभिलेखपालांनी मार्गदर्शिका लिहिली आणि दुसरीला शास्त्राचा आधार दिला. त्याआधी अनेक ठिकाणी कागद विषयवार लावत. दिसायला ते नीटनेटकं दिसे, पण एखादा कागद कोणत्या कचेरीत, कशासाठी लिहिला गेला होता हेच पुढे कळेनासं होई.

शाळेत हे कसं घडतं ते पाहा. समजा, फीच्या रजिस्टरात एका पानात एका पालकाची चिठ्ठी घडी करून ठेवलेली आहे. तुम्ही ती काढून 'पत्रव्यवहार' असं लिहिलेल्या फाइलीत घातली, तर ती एका अनोळखी माणसाची चिठ्ठी होऊन बसते. त्याच पानात राहिली, तर शेजारच्या ओळीत फी माफ का झाली याचं ते उत्तर असतं.

तेव्हा पहिले दोन-तीन शनिवार फक्त लिहिण्याचे. प्रत्येक कपाटाचा, प्रत्येक खणाचा फोनवर फोटो काढा. मग एक जाड वही आणि पेन्सिल घेऊन बसा. कपाट दोन, खण तीन, डावीकडून चौथा गठ्ठा, हजेरीपट, सुतळीने बांधलेले, वरच्या वहीवर अमुक साल, खालचा कोपरा ओला. इतकंच. आत काय लिहिलंय ते वाचत बसू नका. ते फार कठीण जाईल, कारण ओळखीची नावं दिसतील, पण एक वही उघडली की शनिवार संपला म्हणून समजा. ही यादी पूर्ण झाली की पुढचं कोणतंही काम कोणीही करू शकेल, तुम्ही नसलात तरी. आणि यादीत लिहिलेली वस्तू सहजासहजी रद्दीत जात नाही.

एक अपवाद मात्र आहे, ओल. जमिनीवरचे गठ्ठे ओले असतील तर फोटो काढा, चिठ्ठी लावा आणि लगेच उचला. बाहेरच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून वीतभर उंच. हवेतली आर्द्रता पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरते, म्हणून आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र खोलीत टांगा आणि आकडे त्याच वहीत टिपत जा. उन्हात वाळवू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात. बुरशी आलेला गठ्ठा वेगळा ठेवा, आधी पूर्ण सुकू द्या, मग मास्क लावून, मोकळ्या हवेत, मऊ ब्रशने झाडा. ओल्या बुरशीला ब्रश लावलात तर ती कागदात आणखी मुरेल. एखादी वही पार भिजली असेल आणि दोन दिवसांत सुकवणं शक्य नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. त्याने वही बरी होत नाही, पण बुरशी थांबते आणि तुम्हाला वेळ मिळतो. डांबरगोळ्यांवर भिस्त ठेवू नका. त्यांची वाफ त्या खोलीत तासन् तास बसणाऱ्या तुम्हालाच बाधेल. कसर आणि वाळवी येते ती ओलीमुळे आणि साचलेल्या धुळीमुळे, तेव्हा उपाय तिथेच करायचा.

लॅमिनेशनला माझा ठाम नकार आहे. विसाव्या शतकात मोठमोठ्या अभिलेखागारांनीही हे करून पाहिलं. अमेरिकेत विल्यम बॅरो यांनी १९३०च्या दशकात त्याचं यंत्रच तयार केलं आणि हजारो दस्तऐवज प्लास्टिकच्या थरांत गेले. पुढे त्यातले बरेच थर रसायनं वापरून, एकेक करून सोडवावे लागले. कारण तुमच्या शाळेच्या वयातच दडलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कागद चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्यापासून बनू लागला. त्यात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं, शिवाय शाई फुटू नये म्हणून तुरटी आणि राळ घालत. यातून कागदातच आम्ल तयार होतं, तो पिवळा पडतो आणि शेवटी घडीवर तुटतो. तुमचं सगळं दप्तर याच काळातलं आहे. असा कागद तापवून प्लास्टिकमध्ये बंद केला की आम्ल आतच कोंडलं जातं आणि कागद बाहेर काढायची वाट राहत नाही. त्याऐवजी पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, ज्यांची एखादी बाजू उघडी असते. पीव्हीसीची घेऊ नका, ती कालांतराने चिकट होतात आणि अक्षरं उचलून घेतात. चिकटपट्टी कुठेही लावायची नाही. टाचण्या आणि रबरबँड काढा, पण काय कशाला जोडलेलं होतं ते लिहून घेतल्यावरच. जुन्या रजिस्टरांतली तपकिरी पडलेली शाई लोखंडाच्या क्षारांची असू शकते. तिला पाणी लागलं तर अक्षर पसरतं आणि कागदही कुरतडला जातो, म्हणून डाग पुसायला ओला बोळा नको.

आता मुख्य प्रश्न: महत्त्वाचं तेवढं ठेवा, म्हणजे काय ठेवा?

समितीच्या मनात पाहुण्यांच्या भेटी, ढाली, गुणवत्ता यादी आणि जुन्या मुख्याध्यापकांचे फोटो असणार. ते ठेवाच. पण शाळा त्यात फार थोडी सापडते. ती सापडते कंटाळवाण्या वह्यांत. इंग्लंडमध्ये १८६२च्या सुधारित नियमावलीने सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळांच्या मुख्य शिक्षकांना रोज लॉगबुकात नोंद करणं बंधनकारक केलं. नोंद थोडक्यात करायची आणि सर्वसाधारण मतं किंवा चिंतन त्यात लिहायचं नाही, असं नियमातच होतं. किती रुक्ष हुकूम! पण त्या हुकुमामुळेच आज ती लॉगबुकं साथींचा, बालमजुरीचा, गरिबीचा इतिहास लिहिणाऱ्यांना सोन्यासारखी वाटतात. गोवराने वर्ग अर्धा रिकामा झाला, बटाटे काढायला मुलं शेतावर गेली, पावसात बूट नाहीत म्हणून कोणी आलं नाही. लिहिणाऱ्याने इतिहास लिहायला घेतलाच नव्हता, म्हणून त्याच्या नोंदीवर भरवसा ठेवता येतो.

तुमच्या हजेरीपटातही हेच आहे. एखाद्या महिन्यात एकाच वेळी वीस नावांपुढे गैरहजेरी का लागली? मुलींची नावं कोणत्या इयत्तेपर्यंत दिसतात आणि कोणत्या वर्षापासून ती पुढे जाऊ लागली? 'नाव कमी केले' असा शेरा वर्षाच्या कोणत्या महिन्यात जास्त येतो? जनरल रजिस्टरात शाळा सोडण्याचं कारण लिहिलेलं असतं. ते एकापाठोपाठ एक वाचत गेलात की भोवतालच्या वस्तीचा धंदापाणी डोळ्यांपुढे उभा राहतो. डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या सामानाची नोंदवही, तर कोणी ढुंकूनही पाहत नाही. पण मुलं जमिनीवरून बाकावर कधी आली, प्रयोगशाळेत पहिला सूक्ष्मदर्शक कधी आला, आणि एका नकाशावर किती वर्षं भूगोल शिकवला गेला, हे दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं. जी मुलं दोन वर्षं येऊन निघून गेली, ज्यांचा फोटो कोणी काढला नाही, ती शाळेत होती याचा एकमेव पुरावा त्या वह्यांत आहे. मला या कामात सर्वांत जास्त काळजी त्यांचीच वाटते.

काहीच टाकायचं नाही असं माझं म्हणणं नाही. कोरे फॉर्म जाऊ द्या. एकाच वार्षिकांकाच्या साठ प्रती असतील तर चार ठेवा. उत्तरपत्रिकांचे ढीग ठेवता येणार नाहीत, पण दर दहा वर्षांतला एखादा गठ्ठा जरूर ठेवा, आणि प्रश्नपत्रिका मात्र प्रत्येकी एक. कोणतं रजिस्टर किती काळ ठेवणं बंधनकारक आहे ते मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. जे टाकाल त्याचीही यादी करा आणि त्यावर दोन सह्या असू द्या.

शिक्षा-नोंदवहीचं पान फाडायचं नाही, बाई. यावर मी तडजोड सुचवणार नाही. कॅनडात मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं जाई. त्यांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ साली अंतिम अहवाल दिला, तेव्हा सुमारे ३२०० मुलांच्या मृत्यूंची नोंद हाती लागली होती. त्यातल्या जवळपास एक-तृतीयांश मुलांची नावंच शाळांनी आणि सरकारने लिहून ठेवलेली नव्हती. ती कोणाची मुलं, हे शोधण्यासाठी आजही लोक जुनी रजिस्टरं चाळत आहेत. तुमच्या शाळेची त्या शाळांशी तुलना मी करत नाही. पण शाळा मुलांशी कशी वागली याचा कागद शाळेनेच नाहीसा करावा, ही गोष्ट कुठेच लहान नसते. शिवाय त्या पानावर शिक्षा देणाऱ्याचं नावही आहे आणि कशासाठी दिली तेही. ते पान मुलापेक्षा शाळेबद्दल जास्त सांगतं.

त्या गृहस्थांची लाज मात्र खरी आहे आणि तिचा मान राखायला हवा. ती वही स्कॅन करून कुठेही टाकू नका, प्रदर्शनात मांडू नका, स्मरणिकेत तिचा उल्लेख नावानिशी करू नका. जाड पाकिटात बंद करा, वर लिहा की अमुक वर्षापर्यंत उघडायची नाही, आणि तसा ठराव समितीच्या इतिवृत्तात घ्या. जिवंत माणसांच्या खासगी नोंदी काही दशकं, कुठे कुठे शंभर वर्षंही बंद ठेवण्याची पद्धत जगभर आहे. हाच नियम गुणपत्रकांना, आजाराच्या दाखल्यांना, फीमाफीच्या अर्जांनाही लावा. त्या गृहस्थांना स्वतःची बाजू लिहून त्या पाकिटात ठेवायची असेल तर आनंदाने घ्या. त्यांच्या घरी जाऊन बोला, बैठकीत चारचौघांसमोर नको.

स्कॅनिंग करा, पण मूळ कागदाच्या बदल्यात नव्हे. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाच्या हुकमाने जमीनजुमल्याची मोजदाद झाली, ती डोम्सडे बुक म्हणून ओळखली जाते. तिला नऊशे वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी मोजदाद केली. हजारो शाळांतल्या मुलांनी आपापल्या परिसराची माहिती आणि छायाचित्रं गोळा केली आणि ती लेझर डिस्कवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क चालवणारी यंत्रंच दुर्मिळ झाली आणि माहिती वाचवण्यासाठी संशोधकांना खटपट करावी लागली. १०८६चं चर्मपत्र तेव्हाही डोळ्यांनी वाचता येत होतं. म्हणून समितीला सांगा, स्कॅन हे वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी, कागदाची हाताळणी कमी व्हावी म्हणून. कागदासाठी ३०० आणि फोटोसाठी ६०० डीपीआय (स्कॅनची बारकाई, एका इंचात किती ठिपके) पुरे. मूळ फाइल टिफ या चित्र-फाइलीच्या प्रकारात, रोजच्या वापरासाठी पीडीएफ. फाइलीला तोच क्रमांक द्या जो तुमच्या वहीत त्या गठ्ठ्याला आहे, म्हणजे दोन्ही कधी सुटे होणार नाहीत. तीन प्रती ठेवा आणि त्यातली एक शाळेच्या इमारतीबाहेर. ३ मार्च २००९ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहराच्या अभिलेखागाराची इमारत शेजारच्या मेट्रोच्या कामामुळे कोसळली आणि हजार वर्षांचं दप्तर ढिगाऱ्याखाली गेलं. त्यातल्या बऱ्याच कागदांच्या सूक्ष्मपटावरच्या (मायक्रोफिल्मवरच्या) प्रती शेकडो किलोमीटर दूर, एका जुन्या खाणीच्या बोगद्यात सुरक्षित होत्या.

प्रती करण्याच्या या रांगेत कॅसेट सर्वांत पुढे. कागद कपाटात आणखी दहा वर्षं काढेल, पण कॅसेट वाजवणारी चांगली यंत्रं दरवर्षी कमी होत आहेत. जुनी कॅसेट 'ऐकून बघू' म्हणून मिळेल त्या टेपरेकॉर्डरात घालू नका. जाणकाराकडून एकदाच वाजवून घ्या आणि त्याच वेळी डिजिटल प्रत करून घ्या.

फोटोंच्या मागे बॉलपेनने लिहू नका, अक्षराचा उठाव पुढच्या बाजूने दिसतो. फोटोची प्रत काढा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि नावांची यादी वेगळी ठेवा. लोकांना प्रती दाखवा, मूळ फोटो हातोहात फिरवू नका. आणि 'डावीकडून तिसरा' एवढं लिहून थांबू नका. नाव कोणी सांगितलं आणि कोणत्या दिवशी, तेही लिहा, कारण दोन जण दोन नावं सांगणारच.

यावरून तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे येतो. तुम्ही ती सहज लिहिली असेल, मला तीच सर्वांत मोलाची वाटली. कपाटांतला क्रम मोडू नका असं मी वर इतकं लिहिलं. पण छत गळायचं तेव्हा खालचे गठ्ठे शिपाईमामांनी वर ठेवले. म्हणजे मूळ क्रम एकदा हललेला आहे, आणि आधी काय कुठे होतं ते फक्त त्यांना ठाऊक आहे. फोटोंत ज्यांची नावं कोणी लिहिली नाहीत, ते झाडणारे, पाणी भरणारे, घंटा वाजवणारे लोकही त्यांनाच ओळखता येतील.

म्हणून शनिवारी सकाळी आधी त्यांच्या घरी जा, खोलीकडे दुपारी वळा. कपाटांचे फोटो आधीच काढून मोठ्या आकारात छापून न्या, फोनच्या पडद्यावर त्यांना नीट दिसणार नाही. रेकॉर्डिंग करू का, ते त्यांना आणि घरच्यांना आधी विचारा. अर्ध्या तासापेक्षा जास्त बसू नका, ते थकतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. 'शाळेबद्दल काही सांगा' असं म्हणालात तर ते 'काय सांगायचं बाई' म्हणून गप्प बसतील. सकाळी कुलूप उघडल्यावर पहिलं काम काय असायचं, ते विचारा. छत पहिल्यांदा गळलं तेव्हा कोण मुख्याध्यापक होते, ते विचारा. रेकॉर्डिंग सुरू झालं की तारीख आणि त्यांचं पूर्ण नाव मोठ्याने म्हणा, मग छापील फोटो त्यांच्यापुढे ठेवा आणि एकेका गठ्ठ्यावर बोट ठेवून विचारा, मामा, हा आधी कुठे होता?